ट्रायफारीच्या ब्रोचचा काळ आणि लिलावातील बोली

धरमपेठ_संग्रह:
नमस्कार. सोने आणि रत्ने यांऐवजी मुलाम्याचा धातू व काचेचे खडे वापरून घडवलेले जुने अमेरिकी दागिने मी जमवते. इंग्लंडमधील एका ऑनलाइन लिलावात ट्रायफारी या अमेरिकी दागिने कंपनीचा फुलाच्या आकाराचा ब्रोच आला असून यादीत त्याचा काळ १९४०चे दशक असा दिला आहे. मागील बाजूच्या छायाचित्रात मुकुटाचे चिन्ह, कंपनीचे नाव आणि वर्तुळातील सी हे अक्षर दिसते. यादीतील काळावर विसंबून बोली लावावी का?

काचमणी:
लावू नये. मुकुटाचे चिन्ह पुढे अनेक वर्षे वापरात राहिल्यामुळे त्यावरून दशक ठरत नाही. वर्तुळातील सी, म्हणजे स्वामित्वहक्काचे (कॉपीराइटचे) चिन्ह, मात्र बरेच काही सांगतो. नकला करणाऱ्या एका कंपनीविरुद्ध ट्रायफारीने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला होता आणि असे दागिनेही कलाकृती म्हणून स्वामित्वहक्कास पात्र आहेत, असा निकाल १९५५ मध्ये लागला. त्यानंतरच हे चिन्ह दागिन्यांवर सर्रास उमटू लागले, म्हणून तुमचा ब्रोच १९५५च्या आसपासचा किंवा नंतरचा धरावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साध्या धातूंवर निर्बंध आल्याने अमेरिकी कारखाने चांदीवर सोन्याचा मुलामा देत असत. त्या वस्तूंवर बहुधा ‘स्टर्लिंग’ असा शिक्का सापडतो. तोही येथे नसेल, तर युद्धकाळातील वस्तूची किंमत मोजण्याचे कारण उरत नाही.

इतवारीकर:
काळाविषयी सहमत आहे, परंतु केवळ काळावरून वस्तू नाकारू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. १९३० ते १९६८ या काळात ट्रायफारीचे मुख्य रचनाकार आल्फ्रेड फिलिप होते. त्यांनी कोरीव पानाफळांच्या आकाराचे रंगीत काचखडे वापरून जे दागिने केले, त्यांचे मूळ कार्तिए या फ्रेंच जवाहिरांच्या कोरीव माणिक-पाचूंच्या कामात, आणि पर्यायाने आपल्याकडील मुघल कोरीवकामात आहे. रचना उत्तम असेल, तर १९५५ नंतरचा ब्रोचही संग्रहात मानाने ठेवावा, फक्त त्याच्या खऱ्या काळाच्या भावाने घ्यावा.

अंतिम बोली म्हणजे एकूण खर्च नव्हे. लिलावगृहाचे शुल्क २५ टक्के असेल, तर १०० पौंडांची बोली १२५ पौंडांची होते, शुल्कावरील कर वेगळा. शिवाय भारतातील सीमाशुल्क वस्तूच्या किमतीबरोबर वाहतूक आणि विमा धरून आकारले जाते. हा हिशेब आधी करून त्यातून आपली कमाल बोली काढावी.

काचमणी:
स्थितीबद्दलही लिहितो, कारण यादीत ‘उत्तम’ एवढेच लिहिलेले असते. खडे काळवंडलेले असतील, तर त्यांच्या मागचा चमकदार वर्ख गेलेला असतो आणि तो मूळ रूपात परत आणता येत नाही. कोंदणात हिरवट गंज असेल, तर तो पसरतो. म्हणून पाठीची, पिनेची आणि खड्यांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागावीत. वस्तू हाती आल्यावर ती पाण्यात बुडवू नये. कोरडा मऊ ब्रश पुरतो. नागपूरच्या पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. आणि सराफाकडे उजळायला तर मुळीच देऊ नये, कारण तेथील पॉलिशमध्ये पातळ मुलामा निघून जातो.

धरमपेठ_संग्रह:
आभारी आहे. जवळून घेतलेली छायाचित्रे आजच मागवते आणि ‘स्टर्लिंग’चा शिक्का आहे का, हेही विचारते. नसल्यास १९५५ नंतरचा ब्रोच समजून, सर्व शुल्क धरूनच कमाल बोली ठरवीन.