समाजाचा धाक नसेल तर माणूस मुळात चांगला की वाईट?

वाटसरू:
माणसाच्या ठायी षड्रिपू असतातच आणि कायद्याचा, लोकलाजेचा धाक सुटला की ते उसळून वर येतात, असे एक मत आपण नेहमी ऐकतो. माणूस मुळात निर्मळ असतो, त्याला समाज बिघडवतो, असे दुसरे. मला मात्र २६ जुलै २००५ ची रात्र आठवते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद पडल्या, फोन लागेनासे झाले, वीज गेली आणि रस्त्यावरचा पोलीससुद्धा आमच्यासारखाच कमरेइतक्या पाण्यात अडकला होता. कुर्ल्याहून घाटकोपरकडे चालताना अनोळखी बायकांनी ओढण्यांना गाठी मारून दोर केला आणि त्याला धरून आम्ही नाला ओलांडला. पुढे एका चाळीतल्या काकूंनी आम्हा अकरा जणांना रात्रभर घरात ठेवून घेतले. यावरून माणूस मुळात चांगला, असे म्हणता येईल का?

सुमेधा:
एका रात्रीवरून तसे म्हणणे मला घाईचे वाटते. न्यूयॉर्कमध्ये ९ नोव्हेंबर १९६५ रोजी संध्याकाळी वीज गेली, तेव्हा शहर बरेचसे शांत राहिले. त्याच शहरात १३ जुलै १९७७ च्या रात्री वीज गेली, तेव्हा सुमारे १,६०० दुकानांची लूट वा नासधूस झाली आणि ३,७०० हून अधिक लोकांना अटक झाली. अंधार दोन्ही वेळा तोच होता. पहिल्या वेळी दुकानदार अजून दुकानातच होते, दुसऱ्या वेळी दुकानांना कुलपे होती, हा फरक खराच. परंतु मधल्या बारा वर्षांत ते शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन आले होते आणि गरीब वस्त्यांत बेकारी भयंकर वाढली होती. वीज गेल्यावर माणूस कोरा होत नाही, आदल्या दिवसापर्यंत जे सोसले ते घेऊनच तो रस्त्यावर येतो.

दादरकर:
सुमेधाताईंशी मी सहमत आहे, पण मला प्रश्नाची मांडणीच खटकते. वाटसरू यांनी सांगितलेल्या त्याच मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींत सुमारे ९०० माणसे मारली गेली. तेव्हा समाज नाहीसा झाला नव्हता. उलट, आपल्या माणसांची शाबासकी आहे, या भरवशावरच अनेकांनी हात उचलला, आणि त्याच वस्त्यांत शेजाऱ्याला घरात लपवणाऱ्यांना आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागला. राज्यसत्ता नसेल तर प्रत्येकाचे प्रत्येकाशी युद्ध सुरू होईल, हे इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यांचे म्हणणे इंग्लंडमधल्या यादवीच्या काळातले आहे, आणि यादवीत लोक एकेकटे लढत नाहीत, गट करून लढतात. म्हणून मला एकट्या माणसाच्या लोभापेक्षा जमावाने दिलेल्या परवानगीची भीती अधिक वाटते.

वाटसरू:
दादरकर, आपले म्हणणे वाचल्यावर त्या रात्रीची एक गोष्ट पुन्हा डोळ्यांपुढे आली, जी मी वर लिहिली नव्हती. काकूंनी आधी दाराची साखळी न काढता फटीतून आमच्यावर मेणबत्ती धरली आणि आमची नावे विचारली. आमच्यातल्या दोघांची नावे ऐकून त्या क्षणभर थांबल्या, हे मी स्पष्ट पाहिले. मग त्यांनी साखळी काढली, आणि सगळ्यांत आधी त्या दोघांच्याच हातात कोरडे टॉवेल दिले.