आकाशवाणीवरील निवेदनाकडून दूरचित्रवाणीकडे वळताना

प्रश्न

नमस्कार. गेली काही वर्षे मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम करते. महिन्याला मोजक्याच ड्युट्या मिळत असल्यामुळे त्यावर चरितार्थ चालत नाही. तरीही हे काम मला मनापासून आवडते आणि याच क्षेत्रात पुढे जायचे आहे. आता एका मराठी वृत्तवाहिनीने मला वृत्तनिवेदनाच्या चाचणीसाठी बोलावले आहे. मायक्रोफोनची भीती उरलेली नाही, परंतु कॅमेऱ्यासमोर मी कधीच बसलेले नाही. रेडिओवर कमावलेले तिथे किती उपयोगी पडते, काय नव्याने शिकावे लागते, आणि दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, ही वाट आपल्याकडे जुनी आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा दूरदर्शन हा आकाशवाणीचाच भाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी तो स्वतंत्र झाला. भक्ती बर्वे यांनी आकाशवाणीवर निवेदन केले, दूरदर्शनवर बातम्या वाचल्या आणि रंगभूमीही गाजवली. त्यामुळे रेडिओवरून येणाऱ्या माणसाने संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे वेळेचे भान. दिल्लीहून येणाऱ्या बातम्या आपल्या केंद्रावरून सहक्षेपित, म्हणजे जशाच्या तशा पुढे प्रसारित, व्हायच्या असतात आणि गाणे थोडे आधीच संपते, तेव्हा मधली दहा-पंधरा सेकंदे तुम्ही घाई जाणवू न देता भरून काढता. ही सवय थेट प्रसारणात फार मोलाची ठरते आणि ती शिकवून येत नाही.

नव्याने शिकायची गोष्ट म्हणजे ऐकत ऐकत वाचणे. बातमीपत्र चालू असताना कानातल्या इअरपीसमधून पीसीआरमधील (कार्यक्रमाच्या नियंत्रण कक्षातील) निर्माता बोलत असतो. पुढची बातमी बदलली, वार्ताहर फोनवर आला, वेळ कमी आहे, अशा सूचना तुम्ही एखादे वाक्य अर्ध्यावर वाचत असतानाच येतात आणि त्याची पुसटशी खूणही चेहऱ्यावर उमटू द्यायची नसते. याचा सराव घरी करता येतो. एका कानात इअरफोन घालून रेडिओवरचे भाषण लावावे, वर्तमानपत्रातील बातमी मोठ्याने वाचावी आणि नंतर भाषणात काय सांगितले ते आठवून पाहावे. सुरुवातीला वाक्ये तुटतात, पण नेटाने केल्यास जमते.

दुसरी गोष्ट टेलिप्रॉम्प्टरची. त्याची अक्षरे कॅमेऱ्याच्या भिंगासमोरील काचेवर दिसतात. नवखा निवेदक त्या ओळींना गाठण्यासाठी धावू लागतो, मग प्रॉम्प्टर चालवणारा त्याच्यासाठी वेग वाढवतो आणि दोघेही एकमेकांना पळवत राहतात. वेग तुम्ही ठरवायचा आणि प्रॉम्प्टरने तुमच्या मागून यायचे, हे पहिल्या बातमीपासून पक्के ठेवावे. छापील प्रतही समोर असू द्यावी, कारण प्रॉम्प्टर केव्हा बंद पडेल याचा भरवसा नसतो.

प्रतिसाद २

चाचणीला जाताना हिरवा पोशाख टाळावा. मागे हिरवा क्रोमा पडदा (ज्याच्या हिरव्या रंगाच्या जागी दुसरे दृश्य दाखवतात) असेल तर त्याच रंगाचा कपडाही पडद्यासोबत नाहीसा होतो. बारीक रेघांचे किंवा लहान चौकड्यांचे कापड कॅमेऱ्यात थरथरल्यासारखे दिसते.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादांशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र एक मुद्दा मांडावासा वाटतो. रेडिओवर श्रोत्याला काहीच दिसत नसल्यामुळे आपण शब्दांनी चित्र उभे करतो; तेच निवेदन पडद्यावर जड होते. पुराची दृश्ये समोर असताना पाणी किती गढूळ आहे हे सांगण्याची गरज नसते. कोणत्या नदीला पूर आला, किती गावांचा संपर्क तुटला आणि कोणते रस्ते बंद आहेत, हे सांगायचे असते. विशेषणे गाळून वाचण्याचा सराव आवर्जून करावा.

आणखी एक. रेडिओला केवळ पायरी मानू नये. अमीन सयानी यांनी १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून बिनाका गीतमाला सुरू केली आणि पुढे कित्येक दशके निव्वळ आवाजाच्या बळावर देशभरच्या घरांत स्थान मिळवले. चाचणीत यश आले नाही, तरी तुमच्या कामाची किंमत तसूभरही कमी होत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही कामे एकाच वेळी करण्याविषयी कोणी सांगू शकेल का? मला आकाशवाणी सोडायची नाही.

प्रतिसाद १

नैमित्तिक उद्घोषकाचा करार ड्युटीपुरता असतो, त्यामुळे तो नियमित नोकरीसारखा बांधून ठेवत नाही. परंतु तुमच्या केंद्राची भूमिका कार्यक्रम विभागाला विचारून घ्यावी. खरी अडचण वाहिनीकडून येण्याचा संभव अधिक. अन्य कोणत्याही माध्यमात आवाज किंवा चेहरा देऊ नये, असे कलम वाहिनीच्या करारनाम्यात असू शकते. निवड झाली तर सही करण्यापूर्वी तेवढे कलम शोधून वाचावे आणि आकाशवाणीच्या ड्युट्यांचा अपवाद लेखी मागावा. तोंडी आश्वासन मिळाले तरी त्यावर विसंबू नये, कारण ते देणारा अधिकारी उद्या तिथे असेलच असे नाही.