सोल्डरिंगच्या सरावासाठी कोणते स्वस्त किट घ्यावे?

सातारकर:
माझी मुलगी नववीत असून येत्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून सोल्डरिंग शिकायचे ठरवले आहे. घरात २५ वॅटची साधी सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायरचे रीळ आणि मल्टिमीटर आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि ऑनलाइन दुकानांत लुकलुकणारा दिवा, धावते दिवे, एफएम रेडिओ, डिजिटल घड्याळ अशी बरीच स्वस्त किट दिसतात. सुरुवात कोणत्याने करावी? जुन्या बोर्डावर प्रयत्न केला तेव्हा सोल्डर तांब्याला न धरता गोळी होऊन बसत होते. असे का होते? शिशाच्या धुराचा मुलीला त्रास होईल का, हेही कृपया सांगावे.

जुना मेकॅनिक:
किट किती आकर्षक आहे यापेक्षा, ते चालले नाही तर चूक कोठे आहे हे त्यावरून कळते का, याला मी अधिक महत्त्व देईन. रेडिओ मुका राहिला तर इतक्या जोडांपैकी कच्चा कोणता, हे नवख्याला शोधता येत नाही. शिवाय काही रेडिओ किटमध्ये अगदी बारीक पायांची एसएमडी आयसी (भोकांत न घालता बोर्डाच्या पृष्ठभागावरच जोडायची चिप) असते, ती पहिल्या दिवसाचे काम नव्हे. ५५५ आणि ४०१७ या दोन आयसींवर चालणारे धावत्या दिव्यांचे किट घ्यावे. त्यात ५५५ ठरावीक अंतराने स्पंद देते, ४०१७ ते मोजत आपली दहा आउटपुट एकामागून एक चालू करते आणि प्रत्येक आउटपुटवर एक एलईडी असतो. नऊ दिवे धावून एकच गाळला गेला, तर त्या एलईडीची दिशा, त्याचे दोन पाय आणि आयसीचा एक पाय एवढेच तपासावे लागते. दोन दिवे मंद आणि एकदम लागले, तर आयसीच्या शेजारच्या पायांमध्ये सोल्डरचा पूल झाल्याची शक्यता मोठी. एकच दिवा लागून जागीच थांबला, तर आधी ५५५ च्या बाजूला पाहावे.

आयसी थेट न जोडता बेस (आयसी खोचायचे सॉकेट) जोडावा. रेझिस्टर आधी आणि उंच कपॅसिटर शेवटी लावले, म्हणजे बोर्ड उलटा केल्यावर सुटे भाग खाली पडत नाहीत.

कार्यशाळा:
गोळी होण्याचे कारण बहुधा असे, की सोल्डर टोकावर वितळवून मग जोडावर नेले जात आहे. वायरच्या पोटातील रोझिन फ्लक्स तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो, पण टोकावर तो आधीच जळून जातो आणि जोडापर्यंत पोहोचेतो काही उरत नाही. आयर्नचे टोक पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) आणि पाय या दोघांना एकाच वेळी टेकवावे, क्षणभर थांबून वायर दुसऱ्या बाजूने जोडालाच लावावी, आधी वायर आणि मग आयर्न काढावी. सारे दोन-तीन सेकंदांत व्हावे. सोल्डर पायावर उताराने चढलेले दिसले की जोड चांगला.

जुन्या बोर्डाचे तांबे काळवंडलेले असते, तेही आधी बारीक पॉलिश पेपरने घासावे. आयर्नचे टोक काळे पडले असेल तर त्यातून उष्णता नीट उतरतच नाही. टोक साध्या तांब्याचे असेल तर कानसीने घासून लगेच सोल्डरचा मुलामा द्यावा. लोखंडाचा थर दिलेल्या टोकाला मात्र कानस कधीही लावू नये, तो थर गेला की टोक संपले. वायर ६३/३७ ची (६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसे) मिळाल्यास घ्यावी. ती १८३ अंशांवर थेट वितळते आणि तशीच गोठते, त्यामुळे थंड होताना हात हलून जोड कच्चा राहण्याचा संभव ६०/४० पेक्षा कमी असतो. किट स्वस्त चालेल, वायर स्वस्त घेऊ नये.

परखड:
किट कशाला? झिरो पीसीबी (नुसत्या भोकांचा कोरा बोर्ड) आणि मूठभर रेझिस्टर घ्या, आधी ओळीने जोड देत बसा. किटमधले साधे फिनॉलिक बोर्ड जास्त तापले की पॅड उखडते आणि सारे किट वाया जाते.

जुना मेकॅनिक:
पॅड उखडते हे खरे, म्हणून पहिली संध्याकाळ झिरो पीसीबीवर घालवायला माझी हरकत नाही. पण नववीतल्या मुलीला नुसते रेझिस्टर जोडायला लावले तर दुसऱ्या संध्याकाळी ती येणार नाही.

कार्यशाळा:
धुराबद्दल राहिले. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची म्हणण्यासारखी वाफ होत नाही. दिसतो तो धूर रोझिनचा. मात्र त्यानेही दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, छोटा पंखा धूर तोंडापासून दूर ओढेल असा लावावा. शिसे पोटात जाते ते हातांवाटे, तेव्हा काम करताना खाऊ नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पाय कापताना तुकडे उडतात, त्यासाठी चष्मा हवाच.

सातारकर:
आभारी आहे. धावत्या दिव्यांचेच किट मागवतो. ते पूर्ण झाल्यावर त्याच बोर्डावर आणखी सराव करता येईल का?

जुना मेकॅनिक:
येईल, आणि तो डिसोल्डरिंगचा, म्हणजे जोड सोडवण्याचा असावा. समजा ५५५ जवळ १ आणि ४७ किलोओहमचे रेझिस्टर व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, तर सेकंदाला सुमारे दीड स्पंद मिळतात: पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट, याला कपॅसिटरने गुणून (ओहम आणि फॅरडमध्ये) १.४४ ला त्याने भागावे. ४७ चा रेझिस्टर सक्शन पंपाने काढून तेथे १० किलोओहमचा लावल्यास वेग सातच्या आसपास जाईल. तो आकडा आधी मुलीकडून काढून घ्या, मग पंप हातात द्या.