अमेरिकेतला 'फुकट' फोन आणि त्याचा खरा हिशेब

सनीवेलकर
कालच्या एका पोस्टमध्ये कुणीतरी लिहिलं होतं की अमेरिकेत आयफोन फुकट मिळतो, भारतात मात्र पूर्ण पैसे मोजून लुबाडतात. वाचून राहवेना. माझंच बिल बघा. ९९९ डॉलरचा फोन, ३६ हप्ते, महिन्याला २७.७५, आणि तेवढंच क्रेडिट, म्हणजे बिलातली सूट, वजा. पण क्रेडिट हवं तर महागडा अनलिमिटेड प्लॅन घ्यायचा आणि तीन वर्षं जागचं हलायचं नाही. मध्येच सोडलंत की क्रेडिट बंद, उरलेले हप्ते तुमच्या गळ्यात. शिवाय कॅलिफोर्नियात सेल्स टॅक्स पूर्ण किमतीवर, तोही पहिल्याच दिवशी. फोनचे पैसे आपण प्लॅनमधून भरतोच.

टेक्सासचा_पाटील
तीन वर्षांत कंपनी बदलतं कोण? मी अकरा वर्षं एकाच ठिकाणी आहे, घरात चार लाइन. प्लॅन मला तोच हवा होता, म्हणजे फोन फुकटच पडला. २००८ आठवा. आयफोन थ्रीजी इथे १९९ डॉलरला, भारतात ३१,००० रुपयांना!

सनीवेलकर
ते १९९ दोन वर्षांच्या करारावर होते, हे का गाळलंत? दोन वर्षं संपल्यावर माझं बिल एका सेंटनेही उतरलं नाही. फोन फिटला तरी वसुली चालूच. २०१३ मध्ये टी-मोबाइल या इथल्या फोन कंपनीने हप्ता आणि सेवेचे पैसे वेगळे दाखवले, २०१५ मध्ये व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीनेही नव्या ग्राहकांसाठी तो दोन वर्षांचा करार बंद केला. आता क्रेडिटच्या नावाखाली तेच परत आलंय.

माई_डोंबिवली
तुमचे हप्ते तुम्ही बघा, पण ते एकाच कंपनीच्या सिमला लॉक केलेले फोन आम्हाला आणून देऊ नका. भाच्याने हौसेने आणला, इथलं सिम घेईना. स्टेशनजवळच्या दुकानात १,५०० रुपये देऊन उघडून घेतला. अपडेट केला आणि पुन्हा ठप्प. त्याच आठवड्यात यांना हॉस्पिटलात हलवलं. मुलगा दिवसभर फोन लावत होता आणि माझ्या हातात नुसतं खोकं.

टेक्सासचा_पाटील
माई, आम्ही प्रेमाने आणतो हो. दर खेपेला तिकडून याद्या येतात, बॅगेत आमचे कपडे मावत नाहीत. वर बोलणीही आम्हीच खायची?

माई_डोंबिवली
मी कधीही यादी पाठवलेली नाही. प्रेमाने आणता, मग निघण्याआधी कंपनीला एक फोन करून विचारता येत नाही?

नेपरव्हिलची_निशा
माई, पूर्वी विचारूनही फारसं हाती लागत नसे. जानेवारी २०१३ पासून तर नवा फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणं इथे बेकायदा ठरलं होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये कायदा करून ती मुभा परत दिली. तरी बऱ्याच कंपन्या हप्ते फिटेपर्यंत लॉक काढत नाहीत.
आणि पाटील, मी विद्यार्थी म्हणून आले तेव्हा क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी फेडल्याची नोंद, नव्हती, म्हणून हप्त्यावर फोन मिळेना. फोन रोख घेतला, प्लॅन मात्र तुमचाच, त्याच भावात. तुमच्या 'फुकट' फोनचे पैसे माझ्या बिलातूनही गेलेत.

टेक्सासचा_पाटील
म्हणजे आता मी चोर? मी कंपनीने दिलेली ऑफर घेतली, तुमच्या खिशात हात घातला नाही. शब्द जपून वापरा.

नेपरव्हिलची_निशा
चोर तुम्हाला म्हटलं नाही, म्हणणारही नाही. ज्याला उधारी मिळत नाही त्याला तोच प्लॅन स्वस्त का मिळू नये, एवढंच विचारतेय.

ओसाकाकर
जपानने ऑक्टोबर २०१९ पासून कायद्यानेच फोन आणि सेवेचे पैसे वेगळे करायला लावले. सेवेशी जोडलेल्या सवलतीवर २०,००० येनची मर्यादा घातली. नवा फोन घेताना जड गेलं, खोटं कशाला सांगू. पण जुनाच फोन ठेवला की बिल खरंच उतरतं.

टेक्सासचा_पाटील
रागाने नाही, मुलीसाठी आज चौकशी केली. तिच्या कॉलेजात आमच्या कंपनीला रेंज नाही, लाइन बदलायची आहे. १४ हप्ते शिल्लक, ३८८ डॉलर ५० सेंट भरा म्हणाले. हा आकडा विकताना मला कुणी सांगितला नव्हता, एवढं मान्य. बाकी मत माझं तेच.

माई_डोंबिवली
ते पैसे भरलेत की लॉकही काढून घ्या हो. पुढे तो फोन इकडे कुणाला तरी द्यालच.