मदत हवी आहे: जुन्या लष्करी रायफलचा लाकडी दस्ता ओळखायचा आहे

साताऱ्याच्या घरी माळ्यावर रायफलचा नुसता मागचा दस्ता सापडला आहे. नळी, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग), चाप यातलं काहीच नाही. विकायचा नाही, पण नीट ओळख पटवून जपायचा आहे.

लाकूड गडद तपकिरी आणि जड आहे. मागे पितळी पट्टी, तिच्यात तेलाची बाटली ठेवायची झडप. आत आरपार लांब भोक आहे, म्हणजे दस्ता लांब, जाड स्क्रूने मुख्य भागाला जोडला जात असावा. त्यामुळे एकसंध लाकडाची जर्मन माउझर रायफल मी बाद केली. मुठीजवळ खाली हलकासा बाक आहे; मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलची मूठ सरळ असते, म्हणून तीही बाद. उजव्या बाजूला गोल खाच आहे, पलटणीची खूण असलेली पितळी चकती तिथे असावी, ती गेली आहे. वरच्या कडेला, पट्टीच्या थोडं पुढे, 'एस' अक्षर आहे. ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलमध्ये (माझा अंदाज तीच) ते दस्त्याच्या आखूड मापाचं, असं वाचलं.

मऊ ब्रशने धूळ काढली, तिरप्या उजेडात फोटो घेतले. आणखी एक ठसा अंधुक दिसतो, बहुधा बाण (ब्रिटिश सरकारी मालाची खूण). पॉलिश पेपर मारायचा सल्ला मिळाला, पण ठसे पुसले जातील म्हणून हात लावलेला नाही.

हा दस्ता आखूड ली-एनफिल्डचा की त्याआधीच्या लांब रायफलचा, हे कशावरून ठरवायचं? आणि तो बंगालमधल्या इशापूर रायफल कारखान्याचा की इंग्लंडचा, हे सांगणारा ठसा लाकडावर नेमका कुठे शोधू?