काळा कापूस गोड असतो का? पोराचं चुकलं की माझं?

बालाघाटचा मास्तर
मी बीडमध्ये स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो. परवाच्या सराव पेपरात विचारलं होतं: सर्व कापूस काळा असतो. जे जे काळं, ते ते गोड असतं. निष्कर्ष: सर्व कापूस गोड असतो. निघतो की निघत नाही?

गेवराईकडचा एक पोरगा आहे. दिवाळीत घरी वेचणी करून आलेला, बोटांवर बोंडांचे ओरखडे अजून तसेच. त्यानं ‘निघत नाही’वर खूण केली. काहून रे, म्हणलं. तर म्हणतो, ‘सर, काळा कापूस व्यापारी हातात तरी धरंल का?’ वर्ग हसला. मी गुण कापले.

माझ्या मते गुण कापणं बरोबरच होतं. विधानं खरी का खोटी, हा प्रश्नच नव्हता. ती खरी धरली तर निष्कर्ष टाळता येतो का, एवढंच बघायचं होतं. ‘आकारिक’ तर्क म्हणतात तो हाच. कापूस काढून तिथं बाभूळ घाला, गोडच्या जागी तिखट घाला, सांगाडा हलत नाही. पण रात्री झोप लागेना. म्हणून इथं टाकतोय.

सरकी-ढेप
पोराला पूर्ण गुण द्या. खोट्यावरून गोड काढायची सवय लावली की उद्या हेच पोरगं साहेब होऊन बांधावर न येता पंचनामा लिहील.

कोडकरी नांदेडचा
भाऊ, टाळी घेतली तुम्ही, पण मुद्दा सुटला. खोट्या गृहीतावरून पुढं काय होतं हे काढता आलं नाही, तर गृहीत खोटं आहे हे तरी कसं सिद्ध करणार? कापूस गोड निघाला, चाखून बघितला, गोड लागला नाही, म्हणजे वर कुठंतरी घोळ आहे. उलटं जायला आधी सुलटं जावं लागतं.

हे नवीन नाही. १९३१-३२ मध्ये लुरिया नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेक शेतकऱ्यांना विचारत फिरला: उत्तरेकडं बर्फात सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक गाव उत्तरेला आहे, तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर आलं, मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलं नाही. शाळेत जाऊन आलेले मात्र चटकन ‘पांढरी’ म्हणायचे.

काळा कोट, परभणी
आमच्या कोर्टात तो उझबेक शेतकरी उत्तम साक्षीदार ठरला असता. ऐकीव गोष्टीवर शपथ घेतली नाही त्यानं.

मास्तर, माझी हरकत वेगळी आहे. ‘ती माझी मावशी आहे, म्हणजे माझ्या आईला बहीण आहे.’ हे अनुमान पक्कं आहे ना? पण यात तुमचा सांगाडा कुठाय? मावशीच्या जागी शेजारीण घाला, कोसळलं. म्हणजे पक्केपणा ‘मावशी’ या शब्दाच्या अर्थातून आला. आपण दिवसभर करतो ती बहुतेक अनुमानं अशीच असतात.

कोडकरी नांदेडचा
वकीलसाहेब, तिथं एक विधान गिळलंय तुम्ही: ‘मावशी म्हणजे आईची बहीण.’ ते वर लिहा, सांगाडा दिसेल.

काळा कोट, परभणी
मला हेच हवं होतं! १८९५ मध्ये ‘ॲलिस’वाल्या लुईस कॅरलनं ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटा संवाद लिहिला. त्यातलं कासव म्हणतं, अ आणि ब मला मान्य, पण त्यावरून क का मानू? अकिलिस म्हणतो, ‘अ आणि ब खरे तर क खरं’ हे मान. कासव म्हणतं, मानलं, वहीत लिही. आता या तिघांवरून क का मानू? वही भरत जाते, क काही येत नाही. म्हणजे गिळलेलं विधान वर लिहून काम भागत नाही. कुठंतरी न लिहिता पाऊल टाकावं लागतं. मग ‘मावशी’पाशीच टाकलं तर काय बिघडलं?

गोदाकाठ
पैठणहून. न्यायशास्त्रानं (कोर्टाचं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) बघितलं तर पोरगा जिंकतो. मास्तरांचं अनुमान असं मांडा: कापूस गोड आहे, कारण तो काळा आहे. इथं पक्ष, म्हणजे ज्याच्याबद्दल सिद्ध करायचं तो, कापूस; हेतू, म्हणजे दिलेलं कारण, काळेपणा. हेतू पक्षात नाहीच! हा ‘स्वरूपासिद्ध’ हेत्वाभास, म्हणजे फसवा हेतू. शिवाय ‘जे काळं ते गोड’ ही व्याप्ती, म्हणजे कायमची सांगड, काळ्या मिरीपाशीच मोडली. डोंगरावर आग आहे म्हणायला नैयायिकाला, म्हणजे न्यायशास्त्रवाल्याला, तिथं धूर दिसावा लागतो, आणि ‘जसं स्वयंपाकघर’ असं उदाहरणही द्यावं लागतं. अनुमान हे ज्ञानाचं साधन आहे. ज्यातून ज्ञानच मिळत नाही, त्याला ‘निघतं’ म्हणायचं कशाला?

मात्र आपल्याकडं आकाराचा विचार नव्हता, असं कुणी म्हणू नका. दिङ्नाग या बौद्ध तर्कपंडिताचं हेतुचक्र, म्हणजे हेतूंचा तक्ता, बघा. जे सिद्ध करायचं ते जिथं असतं तो सपक्ष, जिथं नसतं तो विपक्ष. हेतू सपक्षात सगळीकडं, काही ठिकाणी किंवा कुठंच नाही. विपक्षातही तसेच तीन प्रकार. तीन त्रिक नऊ घरं, त्यांतली दोनच शुद्ध. त्या घरांत धूर बसवा नाहीतर दुसरं काही. ह्युएन त्संगनं लिहून ठेवलंय की दिङ्नाग इकडच्या डोंगरातल्या एका विहारात राहायचा. तो विहार अजिंठ्याचा असावा असं मानतात.

कोडकरी नांदेडचा
मग नैयायिकानं ‘समजा’ म्हणायचंच नाही का?

गोदाकाठ
म्हणतो की. ‘अग्नी नसता तर धूरही नसता’, याला ते तर्क म्हणतात. पण तर्क प्रमाणाचा, म्हणजे ज्ञानाच्या साधनाचा, मदतनीस; स्वतः प्रमाण नव्हे. तुम्ही मदतनिसालाच गादीवर बसवलंत.

बालाघाटचा मास्तर
आजची हकिगत. त्या पोराला फळ्यावर अक्षरं घालून दिलं: सर्व क हे ख, सर्व ख हे ग, म्हणून सर्व क हे ग. लगेच म्हणाला, ‘हां, हे निघतंय.’ मी खूश. तेवढ्यात म्हणतो, ‘सर, कापसाच्या जागी अक्षर टाकलं, मग ‘सर्व’च्या जागी का नाही टाकलं?’ तास संपायला दहा मिनिटं होती. मी आजचा तास लवकर सोडला.

कोडकरी नांदेडचा
पोरानं मुळावरच बोट ठेवलं की हो. यावर टार्स्की नावाच्या तर्कशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये एक व्याख्यान दिलं होतं, ते १९८६ ला छापून आलं. कल्पना अशी: बाजारातल्या सगळ्या शेळ्यांची मनात वाट्टेल तशी अदलाबदल करा. ‘पाटीवाल्याची शेळी’ लगेच बदलते. ‘सर्व शेळ्या’ बदलत नाहीत. कोणती वस्तू कोण आहे याची ज्या शब्दाला फिकीरच नाही, तो तर्काचा शब्द. ‘सर्व’ आणि ‘काही’ टिकतात, ‘मावशी’ गळते. म्हणून त्यांच्या जागी अक्षर नाही.

काळा कोट, परभणी
आणि ‘निम्म्याहून जास्त’? तीही अदलाबदलीत टिकते. आता शेळ्या मोजणं पण तर्कशास्त्रात घ्यायचं का?

कोडकरी नांदेडचा
काही जण घेतात. मला ते पचत नाही, पण तुम्हाला अडवायला नियमही सापडत नाही.

सरकी-ढेप
ते राहू द्या. पोराचे गुण परत दिले का?

बालाघाटचा मास्तर
कापलेले परत केले. प्रश्नाचे दिले नाहीत.