मदत हवी आहे: इन्चार्ज सिस्टरसाठी लीडरशिप / इमोशनल इंटेलिजन्सचा कोर्स, पुणे (अर्जंट)

शुभ्रा_७७ · शुक्रवार, रात्री ९:४२
पुण्यात शनिवार-रविवारचा, वर्गात बसून करायचा लीडरशिप किंवा इमोशनल इंटेलिजन्सचा कोर्स कुणी केलाय का? ऑनलाइन नको, ऑनलाइनला मला झोप लागते. सोमवारी मेट्रन मॅडमना नाव द्यायचंय. चार महिन्यांत तिघी सोडून गेल्या, त्यातल्या दोघींनी फॉर्मवर कारण लिहिलं 'इन्चार्जचं वागणं'. फी दहा हजारांच्या आत. 'ध्यान करा, पाणी प्या' असले सल्ले कृपया नकोत.

कोथरूडकर_काका · रात्री ९:५५
कुठला वॉर्ड, किती बेड, किती सिस्टर? तुम्ही स्वतः इन्चार्ज की एचआरमधल्या? अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवटच मिळतात.

कोडवाला · रात्री १०:१२
आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात याचंच ट्रेनिंग झालं. गोलमनची थिअरी आहे. आधी स्वतःची भावना ओळखायची, मग ती आवरायची, मग समोरच्याची ओळखायची. तेव्हापासून मी मीटिंगमध्ये एकदाही आवाज चढवलेला नाही.

तळटीप · रात्री १०:२०
थिअरी गोलमनची नाही. सॅलोवे आणि मेयर यांनी ती १९९० साली मांडली. गोलमनने १९९५ मध्ये ती घरोघरी पोहोचवली, इतकंच.

कोडवाला · रात्री १०:२२
बरं. मग कोर्स सॅलोवेंकडे लावायचा का?

अनित्य · रात्री ११:०५
ध्यान नको म्हणालात, पण विपश्यना म्हणजे ते नेहमीचं ध्यान नव्हे. दहा दिवस इगतपुरीला जाऊन या. फी लागत नाही.

शुभ्रा_७७ · शनिवार, सकाळी ६:१०
दहा दिवस रजा मिळत असती तर हा धागा निघालाच नसता. काका, मीच इन्चार्ज. आयसीयू, १२ बेड. कोर्सचं नाव माहीत असेल तर सांगा, ड्युटीला निघतेय.

पांढरी_टोपी · शनिवार, सकाळी ९:३०
मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा इन्चार्ज म्हणून. नाईटला किती जणी असतात? व्हेंटिलेटर किती चालू? ड्युटी लिस्ट कोण लावतं, किती दिवस आधी? सकाळचा ओव्हर, म्हणजे पेशंट पुढच्या पाळीला सोपवणं, किती वेळ चालतो? हे सांगा, कोर्सचं नंतर बघू.

शुभ्रा_७७ · शनिवार, दुपारी ३:३४
नाईटला चौघी. व्हेंटिलेटर पाच, कधी सहा. लिस्ट मीच लावते, शनिवारी संध्याकाळी, सोमवारपासूनची. त्याआधी जमत नाही, कारण कोण टिकणार हेच ठरलेलं नसतं. ओव्हर पाऊण तास. याचा कोर्सशी काय संबंध ते कळलं नाही.

कॅज्युअल्टीचा_भाऊ · शनिवार, दुपारी ४:०२
संबंध हाच की सहा व्हेंटिलेटर आणि चौघी! व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक, हे फर्स्ट इयरचं पोरगंही सांगेल. भरती करायची नाही म्हणून इन्चार्जला 'भावनिक कौशल्य' शिकायला धाडायचं. लिंडा एकन यांचा २००२ चा अभ्यास बघा, पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं. नर्समागे एकेक पेशंट वाढला तशी बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामाबद्दलच्या नाराजीची १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पेशंट दगावण्याची शक्यताही वाढली, ७ टक्क्यांनी. कुठल्या वर्कशॉपमध्ये हे सांगतात? पगाराचंही तेच. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली की दोनशेच्या वर बेड असलेल्या खाजगी हॉस्पिटलने सरकारी नर्सइतका पगार द्यावा. आपापली स्लिप काढून बघा.

पांढरी_टोपी · शनिवार, सायंकाळी ६:१५
आकडे मान्य, भाऊ. पण मुली जाताना इन्चार्जकडे बोट दाखवून का गेल्या? 'माणसं कमी' असंही लिहिता आलं असतं की फॉर्मवर. आमच्याकडे दोन मेडिकल वॉर्ड समोरासमोर होते. बेड तेवढेच, मुली तेवढ्याच, मावश्यासुद्धा आलटून पालटून त्याच. एका वॉर्डातून दर महिन्याला बदलीचा अर्ज यायचा. दुसऱ्यातून नाईटलाही हसण्याचा आवाज. त्या दुसऱ्या वॉर्डच्या इन्चार्ज काही गोड नव्हत्या हो, चांगल्या तिखट होत्या. पण मुलीवर ओरडायचं ते ट्रीटमेंट रूमचं दार लावून. आणि डॉक्टर मुलीवर ओरडला तर या मध्ये जाऊन उभ्या राहायच्या.

कॅज्युअल्टीचा_भाऊ · शनिवार, सायंकाळी ६:२१
म्हणजे अन्याय हसत सोसायला लावणारी इन्चार्ज ती चांगली.

पांढरी_टोपी · शनिवार, सायंकाळी ६:२४
तुम्ही नाईट केली आहे का कधी?

कॅज्युअल्टीचा_भाऊ · शनिवार, सायंकाळी ६:२५
मी ब्रदर आहे, म्हणजे पुरुष नर्स. नऊ वर्षं कॅज्युअल्टीत.

पांढरी_टोपी · शनिवार, सायंकाळी ६:३१
मग माफ करा. तरी माझं म्हणणं तेच.

मनमोकळी · शनिवार, रात्री ८:४०
मी समुपदेशक आहे. बर्नआउटच्या तीन बाजू असतात: शरीर-मन पार थकणं, माणसांबद्दल काही वाटेनासं होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय. एक खूण सांगते, पेशंटचं नाव जातं आणि तो 'बेड सात' होतो.

पांढरी_टोपी · शनिवार, रात्री ८:५२
अहो ताई, आम्ही जन्मभर बेड नंबरनेच बोललो. एका वॉर्डात तीन शिंदे असतात तेव्हा काय करायचं?

कॅज्युअल्टीचा_भाऊ · शनिवार, रात्री ८:५५
नाव आणि यूएचआयडी, म्हणजे पेशंटचा हॉस्पिटल नंबर, बघायचा, सिस्टर. बेड नंबरवर औषध देतात म्हणूनच तर चुकतं.

पुतणीचा_काका · शनिवार, रात्री ९:१८
इथे जाणकार दिसतात म्हणून विचारतो. पुतणीला नर्सिंगला जायचंय. जीएनएम की बीएस्सी?

तळटीप · शनिवार, रात्री ९:२०
जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षं; बीएस्सी डिग्री, चार. वेगळा धागा काढा. आणि पुतणीला हा वाचायला देऊ नका.

कोथरूडकर_काका · रविवार, सकाळी १०:००
मूळ गोष्ट राहिलीच. ताई, 'वागणं' म्हणजे नेमकं काय? फॉर्मवर तेवढाच एक शब्द आहे की पुढे काही लिहिलंय?

शुभ्रा_७७ · रविवार, रात्री ११:२२
पुढे आहे. दोन दिवस लिहू की नको चाललं होतं.

शेवटी जी गेली तिचं. त्या दिवशी मी साडेसातला पोहोचले. तिचा पेशंट सहा पन्नासला गेला होता, त्याआधी पाऊण तास सीपीआर. नातेवाईक दारात, बेडसाठी खालून दोनदा फोन. ती काउंटरशी उभी राहून नोट्स लिहीत होती आणि हात इतका थरथरत होता की ॲड्रिनॅलिनच्या वेळा एकमेकींवर चढत होत्या. मी तिच्या हातातून पेन घेतलं, म्हटलं, 'सरक, मी लिहिते.' मला वाटलं, सोडवली तिला. फॉर्मवर तिने लिहिलंय, 'इन्चार्ज सिस्टरनी सगळ्यांसमोर हातातून पेन काढून घेतलं.'

मनमोकळी · रविवार, रात्री ११:३०
पेन घेतल्यावर तिच्याशी काय बोललात?

शुभ्रा_७७ · रविवार, रात्री ११:३१
काहीच नाही. बेड द्यायचा होता.

पांढरी_टोपी · रविवार, रात्री ११:४८
झोपले नव्हते, बरं झालं. ऐका. अशा वेळी मुलीला लिनन रूममध्ये न्यायचं, गाठोड्यावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं, 'काय काय केलंस ते मला सांग.' ती सांगते. सांगता सांगता वेळा आपोआप सरळ होतात, मग तीच लिहिते आणि तीच सही करते. पाच मिनिटं लागतात. खालचा फोन पाच मिनिटं वाजू दे, मीही वाजू दिलाय. पेन तेवढं तिच्याच हातात राहू द्यायचं.

दुसरं, लिस्ट. शनिवारी लावून सोमवारपासून नाईट, मग गावाला जायचं तिकीट मुलीने काढायचं कधी? दोन आठवड्यांची लावा, पेन्सिलने, शेजारी मागण्यांची वही टांगा. सगळ्या मागण्या पुऱ्या होत नाहीत, त्यांनाही ते कळतं. आणि त्या मुलीला फोन करा. परत ये म्हणायला नव्हे.

कॅज्युअल्टीचा_भाऊ · सोमवार, रात्री १२:१०
सिस्टरांचं पटलं. माझ्याकडून आणखी एक वही. रोज नाईटला किती पेशंट, किती व्हेंटिलेटर, किती जणी, तारखेसह लिहून ठेवा. मेट्रनना कोर्सच्या नावाबरोबर तीही द्या. तोंडी तक्रार केली की 'ॲडजस्ट करा' हेच उत्तर येतं.

मनमोकळी · सोमवार, सकाळी ७:५०
शुभ्राताई, साडेअकरापर्यंत जागून सकाळी परत सहाला ड्युटीची तयारी असं रोज चालत असेल तर स्वतःसाठीही कुणाशी तरी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

कोडवाला · सोमवार, सकाळी ११:१५
कोर्सचं नाव शेवटी कुणीच दिलं नाही, फक्त नोंदवून ठेवतो.

शुभ्रा_७७ · मंगळवार, रात्री ९:०५
गरजच उरली नाही. मेट्रन मॅडमनी एचआरच्याच एक दिवसाच्या वर्कशॉपला नाव घातलंय, पुढच्या महिन्यात, माझ्या ऑफच्या दिवशी. नाईटच्या आकड्यांची वही दिली, त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली. लिस्ट पेन्सिलने लावली, दोन आठवड्यांची. दुपारपर्यंत सहा ठिकाणी खोडाखोड आणि खोडरबर गायब. तिला फोन केला, उचलला नाही. मेसेज टाकलाय. निळी टिक आली आहे.

पुतणीचा_काका · मंगळवार, रात्री ९:३०
बीएस्सीची सीईटी कधी असते?